मार्चअखेरीचा दिवस केव्हा संपतो? प्रोग्रामिंग, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मन यांवरच्या पॉडकास्टांविषयी

मुळाकाठ (धागाकर्ता)

कोथरूड ते हिंजवडी हा प्रवास मी गेली सात वर्षे कंपनीच्या बसने करतो आहे आणि या काळात माझे जे काही शिक्षण झाले असेल, त्यातले निम्मे तरी कानात इयरफोन घालून झाले आहे. पावसाळ्यात भूमकर चौकाच्या अलीकडे बस अडकली की अडीच तासांचे एखादे संभाषण जाता-येता एका दिवसात संपते. सुरुवातीला मी केवळ व्यवसायापुरते ऐकत असे. सॉफ्टवेअर कसे बांधावे, डेटाबेस कोणता घ्यावा, जुना कोड कसा सांभाळावा, एवढेच. अलीकडे मात्र गप्पा कोडपासून सुरू होतात, अर्ध्या तासात कृत्रिम बुद्धिमत्तेवर येतात आणि मन म्हणजे काय, जाणीव म्हणजे काय, यंत्राला आतून काही वाटत असेल काय, अशा प्रश्नांवर जाऊन थांबतात. लेक्स फ्रिडमन यांचा कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला, तेव्हा त्याचे नावच 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' असे होते. त्याच कार्यक्रमात अल्गोरिदमवाले डोनाल्ड कनूथ येऊन गेले आणि जाणिवेच्या प्रश्नाला 'अवघड प्रश्न' हे नाव देणारे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सही येऊन गेले. दोघांचे श्रोते तेच, आमच्या बसमधले.

या सरमिसळीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल, आणि तो शब्द म्हणजे 'समजणे'. संभाषणाच्या पहिल्या टप्प्यात पाहुणा म्हणतो की मॉडेलला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामला, कोड समजतो. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की चूक दाखवली तर ते दुरुस्ती सुचवते. तासाभराने तोच पाहुणा म्हणतो की मॉडेलला जग समजते. आता अर्थ होतो की त्याच्या आत जगाची काहीतरी प्रतिकृती तयार झालेली आहे. आणि शेवटच्या टप्प्यात, आवाज जरा खाली आणून, विचारले जाते की त्याला खरोखर समजत असेल का. म्हणजे आत कोणी आहे का. एकच क्रियापद तीन ठिकाणी तीन कामे करते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपण एकाच रस्त्याने सरळ चालत आलो. मराठीत निदान कळणे, समजणे, उमगणे आणि जाणवणे असे चार शब्द हाताशी आहेत. आईने हाक मारल्याचे कळते, गणित समजते, माणूस उमगतो आणि थंडी जाणवते. यांची अदलाबदल करून पाहिली की वाक्य लगेच खटकते.

हे सगळे मी एरवी बसमध्येच सोडून दिले असते, पण यंदाच्या ३१ मार्चला जे घडले त्यामुळे सोडता येईना. आम्ही पतसंस्थांसाठीचे एक जुने सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात दिवसअखेरीच्या प्रक्रियेत, म्हणजे रोजकीर्द बंद करून कामकाजाची तारीख पुढे नेण्याच्या भागात, एक विचित्र अट होती: तारीख ३१ मार्च असेल तर मध्यरात्र उलटली तरी तारीख आपोआप पुढे न्यायची नाही, कोणीतरी कळ दाबेपर्यंत थांबायचे. अटीशेजारी टीप नव्हती. तो भाग स्वच्छ करण्याचे काम आमच्यातल्या एकाने कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला दिले. सहायकाने अतिशय नीटस भाषेत कळवले की, ही अट कोणत्याही टेस्टमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या चाचणीत, वापरली जात नाही आणि तारीख पुढे नेण्याचा निर्णय दुसरीकडे आधीच होतो, म्हणून ती काढून टाकली आहे. सगळ्या टेस्ट पास झाल्या. बदल मी स्वतः वाचला आणि मंजूर केला, त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न येथे नाही. तो माझा आहे.

३१ मार्चच्या रात्री बारा वाजता, शाखांमध्ये व्हाउचर चढवण्याचे काम चालू असतानाच, तारीख १ एप्रिल झाली आणि त्यानंतरच्या नोंदी नव्या आर्थिक वर्षात जाऊन पडल्या. त्या उलट्या करून पुन्हा मागच्या वर्षात बसवायला आम्हाला चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, मार्चअखेरीला पतसंस्थेचा दिवस बारा वाजता संपत नाही. मॅनेजरची सही झाली की संपतो."

हे वाक्य कोडमध्ये नव्हते, कागदपत्रांतही नव्हते. ते एका माणसाकडे होते आणि तो माणूस आता सहकारनगरमध्ये राहत होता.

पीटर नाउर या डॅनिश संगणकतज्ज्ञाने १९८५ साली एका निबंधात असे मांडले होते की, प्रोग्रामिंग म्हणजे कोड तयार करणे नव्हे, तर प्रोग्रामरच्या डोक्यात एक उपपत्ती घडवणे होय. जगातली कोणती गोष्ट कोडमध्ये कुठे उतरली आहे, ती तशीच का उतरली आणि जग बदलले तर कोड कुठे वळवायचा, हे ज्याला सांगता येते त्याच्याकडे ती उपपत्ती असते. कोड आणि कागदपत्रे हे तिचे अवशेष. त्यांनी उदाहरणही दिले आहे: एका गटाने कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहिला आणि कोड, सविस्तर टिपणे व सल्ला यांसह दुसऱ्या गटाला दिला, तरीही दुसऱ्या गटाने सुचवलेल्या सुधारणा मूळ रचनेचे सामर्थ्यच घालवणाऱ्या होत्या, आणि हे पहिल्या गटाला पाहताक्षणी दिसले. उपपत्ती बाळगणारा चमू विखुरला की प्रोग्राम मेला, मग तो चालत असला तरी, असे नाउर यांचे म्हणणे आहे.

पुढे २००५ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाल्यावर त्यांनी दिलेले व्याख्यान मानवी विचार आणि संगणन यांतल्या फरकाविषयी होते. म्हणजे कोडपासून मनापर्यंतचा जो प्रवास पॉडकास्टवाले आज करतात, तो त्यांनी आधीच केलेला होता. फक्त शब्द घसरू न देता.

म्हणून विचारतो. आपापल्या व्यवसायात 'याला समजले' असे तुम्ही केव्हा म्हणता? आणि अशा संभाषणांतून तुमच्या हाती खरोखर काय लागले?

सेमीकोलन

मला नोकरीला लागून तीन वर्षे झाली आहेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. धागाकर्त्यांच्या कथेतील ज्येष्ठ सहकारी फोन उचलतात, हे त्यांचे भाग्य. माझ्या अनुभवातले ज्येष्ठ प्रश्न विचारला की "कोड वाच, कळेल" एवढेच सांगतात, आणि तिसऱ्यांदा विचारले तर विचारणाऱ्याच्या बुद्धीविषयी मत बनवतात. याउलट सहायकाला रात्री अकरा वाजता एकच प्रश्न सात वेळा विचारला तरी तो कंटाळत नाही. एका जुन्या सर्व्हिसमधील रांगेचे गणित मला त्याच्यामुळे समजले, आणि 'समजले' हा शब्द मी येथे जबाबदारीने वापरते आहे, कारण त्यानंतरचा बग मी एकटीने शोधला.

दुसरे असे की, नवीन लागलेल्या मुलीला तो भाग स्वच्छ करायला सांगितला असता, तर तिनेही ती अट काढली असती. मी तरी काढली असती. मग येथे यंत्राला समजले नाही असे म्हणण्यात काय अर्थ आहे? ज्याला माहिती दिलेलीच नाही त्याला माहिती नव्हती, एवढेच या घटनेवरून सिद्ध होते. टीप एका ओळीची होती आणि ती वीस वर्षांत कोणत्याही माणसाने लिहिली नाही.

पॉडकास्टांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. त्यांत बोलणारे बहुतेक सर्व जण एक तर कंपन्यांचे संस्थापक असतात, नाहीतर प्राध्यापक. ३१ मार्चला रात्री दीड वाजता फोन उचलणारा कोणी मी अजून तेथे ऐकलेला नाही.

आठव्या मजल्यावरून

सेमीकोलन यांच्या पहिल्या परिच्छेदाशी अनुभवाने सहमत आहे, तरी 'मदत झाल्यासारखे वाटणे' आणि 'मदत होणे' यांत अंतर असू शकते, हे नोंदवून ठेवतो. जुलै २०२५ मध्ये मेटर या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच मुक्त स्रोत प्रकल्पांतली २४६ कामे. कोणत्या कामाला सहायक वापरायचा आणि कोणत्या नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले. सहायक वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर त्या प्रोग्रामरांना विचारले, तर त्यांचा अंदाज होता की आपण सुमारे २० टक्के वेळ वाचवला.

याचा अर्थ साधने निरुपयोगी आहेत असा नव्हे. ती साधने २०२५ च्या सुरुवातीची होती आणि माणसे कित्येक वर्षे स्वतः सांभाळलेल्या प्रकल्पांवर काम करत होती. पण धाग्याच्या विषयाशी नेमकी हीच अट जुळते. नाउर ज्याला उपपत्ती म्हणतात ती ज्यांच्या डोक्यात आधीच भरलेली होती, त्यांना ती न बाळगणाऱ्या सहायकाला प्रत्येक वेळी सगळे समजावत बसावे लागले असेल, असा माझा तर्क आहे. नवख्या माणसाचे गणित निराळे असू शकेल.

पेठेतील बाराखडी

या सर्व चर्चेत एक मूलभूत गोष्ट राहून जाते आहे. संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे, हे नासाने कित्येक वर्षांपूर्वी मान्य केलेले आहे. आपल्या पूर्वजांनी मनाचा जो अभ्यास केला, त्याकडे हे पॉडकास्टवाले कधी वळणार?

उंबरठा

मी संस्कृत आणि भारतीय दर्शने तीस वर्षे शिकवली आणि आता निवृत्त आहे. मुलाने पाठवलेले दोन-तीन पॉडकास्ट ऐकले असल्यामुळे लिहिण्याचे धाडस करते. बाराखडी यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला अगदी मान्य आहे, पण पहिला अर्धा भाग आपण सर्वांनी एकदाचा सोडून द्यावा अशी विनंती आहे. १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि ते नासाशी संलग्न केंद्रात काम करत होते, एवढे खरे. त्यांचा मुद्दा असा होता की, नागेशभट्टांसारखे व्याकरणकार एखाद्या वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर शास्त्रीय पद्धतीने उलगडून दाखवतात, तिचे त्या काळी कृत्रिम बुद्धिमत्तेत वापरल्या जाणाऱ्या अर्थजालांशी, म्हणजे अर्थांमधले संबंध जाळ्यासारखे मांडणाऱ्या रचनांशी, आश्चर्यकारक साम्य आहे. हा उत्तम मुद्दा आहे. त्याची 'नासाने मान्य केले' अशी घोषणा करून आपण नागेशभट्टांचेच काम झाकून टाकतो.

आता मनाकडे. पाश्चात्त्य चर्चेत एक गृहीत असते की, बुद्धी आणि जाणीव एका बाजूला आणि जड वस्तू दुसऱ्या बाजूला. त्यामुळे यंत्रात बुद्धी दिसली की जाणीवही आली काय, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. सांख्य दर्शनकारांनी ही रेषा दुसरीकडेच ओढली आहे. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची कार्ये आहेत, म्हणजे जडच आहेत; चैतन्य केवळ पुरुषाचे, म्हणजे आत्म्याचे. पुरुषाच्या सान्निध्यामुळे हे अचेतन अंतःकरण चेतन असल्यासारखे भासते, एवढेच. माझ्या एका विद्यार्थ्याने परवा विचारले की, यंत्र निर्णय घेते, युक्तिवाद करते, 'मी' असेही म्हणते, मग ते जड कसे? त्यावर सांख्य म्हणेल की निर्णय हे बुद्धीचे काम, 'मी' म्हणणे हे अहंकाराचे, आणि दोन्ही जड आहेत असे आम्ही सांगतच होतो. या दर्शनाला बुद्धिमान यंत्राचा धक्काच बसत नाही. तो प्रश्न सोडवला गेला असे मी म्हणत नाही. जडवादी चार्वाक येथे लगेच उभा राहून म्हणेल की, पिठाला किण्व लावल्यावर मद घडतो तसे पृथ्वी, आप इत्यादी महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य घडते, तुमचा वेगळा पुरुष हवा कशाला? आजच्या पॉडकास्टांत जे पाहुणे म्हणतात की पुरेशी गुंतागुंत झाली की जाणीव उद्भवेल, ते या वादात चार्वाकाच्या बाकावर बसलेले आहेत, हे त्यांना कोणी सांगितले पाहिजे.

नैयायिकांचे, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांचे, मन तर आणखी निराळे. ते अणुपरिमाण, म्हणजे अणुएवढे, आहे, म्हणून एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. सगळी ज्ञाने एकदम होत नाहीत, हीच मनाच्या अस्तित्वाची खूण. बसमध्ये पॉडकास्ट ऐकताना आपला थांबा मागे गेल्याचे लक्षात येत नाही, त्याला नैयायिकांकडे असे साधे स्पष्टीकरण आहे. सांगायचे इतकेच की 'माइंड' या शब्दासाठी आपण सरसकट 'मन' वापरतो, तेव्हा धागाकर्ते ज्या घसरणीबद्दल लिहीत आहेत ती अनुवादातच सुरू झालेली असते.

पंचकार्डे

ऐंशीच्या दशकात कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर हात काळे केलेला माणूस म्हणून दोन शब्द. पुण्यात सॉफ्टवेअर म्हणजे हिंजवडी असा समज झालेला असला तरी टाटांचे संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, येथे १९८१ पासून होते, आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने परम ८००० हा महासंगणक १९९१ साली याच गावात उभा केला. त्या काळातही आम्ही चहाच्या टपरीवर हाच वाद घालत असू, फक्त 'एक्स्पर्ट सिस्टिम' या नावाने. डॉक्टरांचे ज्ञान 'जर असे, तर तसे' अशा नियमांत उतरवले की यंत्र निदान करील, असा तेव्हाचा उत्साह होता. अडचण नियम चालवण्यात कधीच नव्हती. अनुभवी माणसाला त्याचे नियम सांगायला बसवले की त्याला ते सांगता येत नसत, तो म्हणे, "ते पाहिल्यावर कळते." मार्चअखेरीची गोष्ट वाचून मला तीच आठवण झाली.

यंत्राने कोड लिहिणे हीदेखील नवलाई नव्हे. १९५७ साली फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा आली, तेव्हा तिच्या निर्मात्यांनी आपल्या लेखात तिला 'ऑटोमॅटिक कोडिंग सिस्टिम' म्हटले होते, कारण यंत्रभाषेत हाताने लिहिणे हेच तेव्हा खरे कोडिंग होते. फरक आहे तो एका गोष्टीत. कंपायलरला तेच वाक्य दहा वेळा दिले तर दहा वेळा त्याच अर्थाचा कोड मिळतो, आणि अर्थ काय हे भाषेच्या नियमांत ठरलेले असते. मराठीत किंवा इंग्रजीत सांगितलेल्या इच्छेला असा ठरलेला अर्थच नसतो. तो ऐकणाऱ्याने भरायचा असतो. सेमीकोलन यांची टिपेविषयीची टोचणी मात्र योग्य आहे. आमच्या पिढीने टिपा लिहिल्या नाहीत, कारण आम्हाला वाटले आपण येथेच असणार आहोत.

शांत वारा

मी समुपदेशक आहे आणि प्रोग्रामिंग मला येत नाही, पण धाग्याच्या शीर्षकातला तिसरा विषय, मन, माझ्या कामाचा आहे. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य थोडे उलटसुलट करून प्रश्नाच्या रूपात परत करणे, ही त्याची सगळी युक्ती. वायझेनबाउम यांनीच सांगितलेले आहे की, हा प्रोग्राम तयार होताना रोज पाहणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडे बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. हा किस्सा पॉडकास्टांत बहुधा हसण्यासाठी सांगितला जातो आणि त्या सेक्रेटरी भोळ्या ठरवल्या जातात. मला तसे वाटत नाही. त्यांना यंत्राविषयी गैरसमज झाला असेलच असे नाही; बोलायला जागा मिळाली आणि ती जागा खाजगी हवी, एवढेच त्यांनी ओळखले असावे.

माझ्याकडे येणारी काही तरुण मंडळी आधी चॅटबॉटशी बोलून येतात आणि आपले म्हणणे पुष्कळ वेळा अधिक सुसंगतपणे मांडतात, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांना पटतील अशीच उत्तरे त्यांना मिळालेली असतात. आमच्या कामात 'समजले' असे मी तेव्हा म्हणते, जेव्हा समोरच्या माणसाने न सांगितलेली गोष्ट माझ्या लक्षात येते आणि ती आज बोलायची नाही हेही लक्षात येते. यातला दुसरा भाग शिकायला मला दहा वर्षे लागली.

अनुस्वार

मी उपशीर्षकांचे आणि अनुवादाचे काम करतो. उंबरठा यांनी 'मन' या शब्दाबद्दल लिहिले आहे, तर त्याच शब्दाचा यंत्राच्या बाजूचा जमाखर्च सांगतो. अक्षरे संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'माइंड' हा शब्द इंग्रजीत चार बाइटांत मावतो. आपले दोन अक्षरी 'मन' सहा बाइट घेते, आणि 'बुद्धी' घेतला तर ब, उकार, द, हलन्त, ध आणि वेलांटी मिळून अठरा होतात. मॉडेल शब्दांचे जे तुकडे पाडून वाचते, ते तुकडे ज्या मजकुरावरून ठरवले गेले त्यात मराठी फारच थोडी असते, म्हणून तोच आशय मराठीत दिला की तुकडे अधिक पडतात. तुकड्यांवर पैसे मोजावे लागतात, तेव्हा मराठीत विचारलेला प्रश्न महाग पडतो, हे रूपक नसून बिल आहे.

इंग्रजी संभाषणांची आपोआप केलेली मराठी उपशीर्षके तपासताना शब्दाला शब्द बरोबर असतो आणि वाक्य मात्र कोणीच कधी बोलणार नाही असे असते. तरीही मराठीत अशी दीर्घ तांत्रिक संभाषणे झाली पाहिजेत असे मला वाटते, कारण पंचकार्डे यांच्यासारखी माणसे आपल्या गावात आहेत आणि त्यांना कोणी माइकसमोर बसवलेले नाही.

मुळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सेमीकोलन, आपला आक्षेप मी मान्य करतो. नव्या माणसानेही अट काढली असती आणि म्हणून ही गोष्ट यंत्राविरुद्धचा पुरावा नाही. मला एक फरक तरीही दिसतो. नवा माणूस ती अट काढून मोकळा झाला असता, ३१ मार्चच्या रात्री आमच्याबरोबर जागला असता, आणि पुढच्या वर्षी अशी दुसरी विचित्र अट दिसली असती तर तो थबकला असता. सहायकाला दुसऱ्या दिवशी तोच भाग दाखवला, तेव्हा त्याने तितक्याच नीटस भाषेत ती अट पुन्हा अनावश्यक ठरवली. यावर आपण म्हणाल की आता टीप लिहा. ती लिहिली आहे आणि टेस्टही लिहिली आहे. मात्र कोणत्या गोष्टीची टीप लिहायला हवी, हे कळायलाच आधी एक रात्र जावी लागली.

उंबरठा यांच्या लेखनामुळे माझी एक गाठ सुटली. यंत्रात बुद्धी आहे असे मान्य करूनही त्याच्या आत कोणी आहे का हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, असे म्हणता येते, हे मला इतक्या तासांच्या पॉडकास्टांतून कोणी सांगितले नव्हते. चाल्मर्स आणि मेंदूचे अभ्यासक क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ साली वाइनची पैज लावली होती की, जाणिवेचे मेंदूतले कारण २५ वर्षांत सापडेल की नाही. २०२३ साली कॉख यांनी हार मान्य करून वाइन दिली. ज्यांचे संपूर्ण आयुष्य या प्रश्नात गेले ते इतक्या सावधपणे बोलतात, आणि बाकीचे पाहुणे तासाभरात निकाल देऊन मोकळे होतात.

अनुस्वार यांनी माइकचा विषय काढला म्हणून सांगतो. एप्रिलच्या मध्यावर आम्ही तिघे जण सहकारनगरला त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी गेलो. कोडमधल्या ज्या अटींचे कारण आम्हाला सांगता येत नव्हते अशा एक्केचाळीस अटींची यादी बरोबर नेली होती. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केले आणि एकेका अटीवर फक्त 'का' एवढेच विचारत गेलो. तीन शनिवार मिळून साडेसहा तासांचे रेकॉर्डिंग झाले आहे. मधूनच कुकरची शिट्टी ऐकू येते, एकदा भाजीवाल्याशी पाच मिनिटे संवाद आहे. अटीचे उत्तर ते क्वचितच थेट देत. आधी त्या काळी कोणत्या शाखेत कोण कारकून होते, कोणता प्रिंटर कागद ओढत असे, एका ऑडिटरांनी व्याजाच्या पैशांतील फरकावरून किती दिवस अडवून धरले होते, हे येई. अटीचे कारण त्यात कुठेतरी असे. शेवटी ते रेकॉर्डिंग लिहून काढायचे ठरले, तेव्हा आमच्या लक्षात आले की कारणांची यादी दोन पानांत मावते, पण ती दोन पाने वाचून आमच्या चौथ्या सहकाऱ्याला नव्या अटीबद्दल काही सांगता येईना, आणि साडेसहा तास ऐकल्यावर येऊ लागले. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे मला ठाऊक आहे. पण दीर्घ संभाषण आपण एवढ्या चिकाटीने का ऐकत असू, याबद्दल माझे मत तेव्हापासून जरा बदलले आहे.

पंचकार्डे, आपण परवानगी दिलीत तर आपल्याकडेही असे एखाद्या शनिवारी यायला आवडेल.

पंचकार्डे

अवश्य यावे. फक्त दुपारी एक ते चार सोडून.

सेमीकोलन

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ते साडेसहा तास आमच्यासारख्यांना ऐकायला मिळतील का, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अटींची कारणे मिळाली का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

त्यात संस्थांची आणि माणसांची नावे आहेत, त्यामुळे तसेच देता येणार नाही. नावे काढून काही भाग देता येतील का, हे त्यांना विचारून सांगतो.

कारणे अडतीस अटींची मिळाली. दोन अटी खरोखरच अनावश्यक निघाल्या आणि त्या काढल्या. सहायकाने त्या आधीच दाखवून दिल्या होत्या, हेही नोंदवतो. एक अट उरली आहे. खात्याचा क्रमांक ७०० पासून सुरू होत असेल तर पासबुकावर एक ओळ कोरी सोडायची, अशी ती अट आहे. ती त्यांनी स्वतः लिहिली आहे, तारखेसह. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "काहीतरी होते खरे." ती अजून तशीच ठेवली आहे.